इंटेलने मेमरी सोडली तेव्हा तिच्या खिशात काय होतं?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये दोन भागीदारांची, चौदा माणसांची सॉफ्टवेअर सेवा देणारी कंपनी आहे. साठ टक्के उत्पन्न एकाच जर्मन यंत्रनिर्मात्याकडून येतं. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांसाठी जॉब वर्कच्या, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाचा हिशेब ठेवणारं स्वतःचं प्रॉडक्ट काढायचं आहे. एका भागीदाराचं म्हणणं, चिप बनवणाऱ्या इंटेलने मेमरी चिपचा धंदा सोडला तशी आपण सेवा सोडावी आणि सगळी ताकद प्रॉडक्टवर लावावी. दुसऱ्याचं म्हणणं, आधी गुंतवणूकदार शोधावा. आणि दोघांचा मिळून प्रश्न, की मोठ्या टेक कंपन्या उभ्या करणाऱ्यांकडून आपल्यासारख्यांनी घ्यायचं तरी काय?

मी पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअर सेवेचाच धंदा केला आणि आता अशा कंपन्यांच्या मालकांबरोबर हिशेबाला बसतो. या लोकांच्या गोष्टी मीही आवडीने वाचतो, पण वाचताना दोन गोष्टी शोधतो. त्या माणसाने काय सोडलं, आणि ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी पगाराचे पैसे कुठून येत होते. पहिली गोष्ट सगळे सांगतात. दुसरी बहुतेक वेळा गाळली जाते, आणि तुमच्यासारख्याला खरी उपयोगी तीच असते.

इंटेलचंच उदाहरण निघालंय तर ते नीट पाहू.

१९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी कंपनी काढली, अँडी ग्रोव्ह सुरुवातीपासून बरोबर होता. कंपनीचा धंदा मेमरी चिपचा. १९७० ची ११०३ ही चिप एवढी चालली की इंटेल म्हणजे मेमरी हे समीकरणच झालं. मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, जवळजवळ आडवाटेने आला. बिझिकॉम नावाच्या जपानी कॅलक्युलेटर कंपनीच्या कामातून १९७१ मध्ये ४००४ तयार झाला. पुढे १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला. त्याच सुमारास एनईसी, हिताची, फुजित्सू, तोशिबा यांनी चांगल्या दर्जाची मेमरी कमी भावात आणली आणि ज्या बाजारात इंटेल पहिली होती तिथे तिचा वाटा अगदी किरकोळ उरला.

१९८५ च्या मध्यावर ग्रोव्हने मूरला विचारलं, की संचालक मंडळाने आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाला, तर मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू. हा प्रसंग व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात सांगतात, आणि तुमच्या भागीदाराच्या मनातही बहुधा हाच आहे.

आता या प्रसंगाच्या आधीचं पाहा. इंटेलमध्ये कारखान्याची क्षमता कोणत्या मालाला द्यायची यासाठी एक साधा नियम होता. सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीमागे, म्हणजे वेफरमागे, ज्या चिपमधून जास्त नफा सुटेल तिला जास्त वेफर द्यायचे. अर्थ विभागातली आणि उत्पादन नियोजनातली माणसं वेळोवेळी बसून हे वाटप करत. मेमरीचा भाव पडत गेला तसतसे वेफर आपोआप प्रोसेसरकडे वळत गेले. वरचे लोक मेमरी ही आपली ओळख आहे, ती गेली तर तंत्रज्ञानात मागे पडू, विक्रेत्यांकडे पूर्ण यादी हवी, असे वाद घालत होते, आणि खाली आठांपैकी एकच कारखाना मेमरी बनवत उरला होता. साहेबांनी निर्णय जाहीर केला तेव्हा तो अर्ध्याहून जास्त अमलात आलेला होता. ग्राहकांना हे सांगायला विक्रेते भीतभीत गेले, तर काहींनी उलट विचारलं, एवढा वेळ का लावलात?

आणि खिशात काय होतं? १९८२-८३ मध्ये आयबीएमने २५ कोटी डॉलर देऊन इंटेलचे सुमारे १२ टक्के शेअर घेतले होते. चांगला चालणारा प्रोसेसर हातात होता आणि तो घेणारा जगातला सगळ्यात मोठा संगणक निर्माता दारात उभा होता. तरीसुद्धा १९८६ साली कंपनीला १७ कोटी डॉलरच्या वर तोटा झाला आणि सात हजारांवर माणसं कमी करावी लागली. म्हणजे इंटेलने तोट्यात चाललेला धंदा सोडला, नफ्यात चाललेला धरला, आणि तेही मोठी गंगाजळी गाठीशी असताना. तुमचा भागीदार म्हणतोय त्यात नफ्याची सेवा सोडून ज्याचा अजून एकही ग्राहक नाही ते प्रॉडक्ट धरायचं आहे. हे इंटेलच्या बरोबर उलटं आहे.

म्हणून इंटेलकडून वेफरचा नियम घ्या. तुमच्याकडे कमी असलेली गोष्ट कोणती? चौदा माणसांच्या कंपनीत खरं अवघड काम पेलणारे दोन-तीनच इंजिनिअर असतात. त्यांचे तास हे तुमचे वेफर. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघं भागीदार बसा आणि त्या दोन-तीन जणांचे तास कुठल्या कामावर गेले, त्या प्रत्येक कामातून तासामागे किती सुटलं, हे एका कागदावर लिहा. बिल किती झालं ते नको. हातात पडलेली रक्कम, वजा त्यावर लागलेला सगळा खर्च, भागिले तास. माझ्या पाहण्यात बहुतेक कंपन्यांत सगळ्यात मोठा ग्राहक या यादीत पहिला निघत नाही. रात्रीचे फोन, फुकट करून दिलेले बदल, 'एवढं जरा बघा' म्हणून गेलेले दिवस, हे सगळं त्यात उतरतं. सहा महिने हा कागद ठेवलात तर काय सोडायचं यावर तुम्हा दोघांत वाद उरणार नाही, आकडेच दाखवतील. मधल्या फळीतली माणसं हे आकडे आधीपासून ओळखून असतात. मालकाने ते त्यांना विचारलेले नसतात, एवढंच.

मात्र असा नियमही डोळे मिटून वापरायचा नसतो, आणि त्याचा पुरावाही इंटेलमध्येच आहे. पुढे आयफोनच्या चिपसाठी ॲपलशी बोलणी झाली तेव्हा ॲपल देत होती तो भाव इंटेलच्या अंदाजित खर्चाच्या खाली होता. इंटेलने नकार दिला. २०१३ मध्ये निवृत्त होताना इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी सांगितलं, की तो खर्चाचा अंदाज चुकीचा ठरला आणि फोनचा खप कुणाच्याही कल्पनेच्या शंभरपट निघाला. तासामागचा नफा आज चालू असलेल्या कामांची तुलना चोख करतो. जे काम अजून जन्मालाच आलेलं नाही त्याच्याबद्दल तो गप्प असतो. त्यामुळे प्रॉडक्टसाठी काही तास या नियमाच्या बाहेर काढून ठेवावे लागतील. किती, ते पुढे सांगतो.

त्याआधी साठ टक्क्यांचं बोलू, कारण मला प्रॉडक्टपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

१९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि दोन वर्षांनी बंगळुरूला गेलेली इन्फोसिस १९९५ मध्ये आजच्या मानाने लहानच होती. तिच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा जनरल इलेक्ट्रिककडून (जीई) येत होता. कराराचं नूतनीकरण आलं आणि जीईने भाव खूप खाली मागितला. त्या भावात चांगली माणसं टिकवणं आणि प्रशिक्षण, तंत्रज्ञान यांवर खर्च करणं शक्य नव्हतं. नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहक सोडला. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांपुढे मूर्तींनी हा प्रसंग ग्राहकाचं नाव न घेता सांगितला होता. त्यातला पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर कंपनीने जोखमीवर लक्ष ठेवणारी समितीच नेमली, की यापुढे एकाच ग्राहकावर, एकाच तंत्रज्ञानावर, एकाच देशावर किंवा एकाच माणसावर फार विसंबून राहायचं नाही.

इथेही खिशाकडे पाहा. १९९३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली होती, त्यामुळे भांडवल हाताशी होतं. उरलेलं तीन चतुर्थांश उत्पन्न चालू होतं. परदेशातल्या कंपन्या भारतात सॉफ्टवेअरचं काम द्यायला नुकत्या सरसावत होत्या, त्यामुळे रिकामे झालेले इंजिनिअर दुसरीकडे लावता येणार होते. धैर्य होतंच, ते मी जराही कमी लेखत नाही. पण पंचवीस टक्के सोडायला लागणारं धैर्य आणि साठ टक्के सोडायला लागणारं धैर्य यांत फार मोठं अंतर आहे. साठ टक्के देणारा ग्राहक भाव पाडायला बसला तर तुम्ही नाही म्हणू शकत नाही, आणि त्यालाही ते माहीत असतं.

म्हणून प्रॉडक्टचा विचार चालू ठेवा, पण पहिलं काम हे, की येत्या दीड-दोन वर्षांत त्या साठाचे पस्तीस-चाळीस करायचे. जर्मन काम कमी करून नव्हे, बाकीचं वाढवून. आणि बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत हा आकडा दोघांना तोंडपाठ असला पाहिजे. माझ्या मते चौदा माणसांच्या सेवा कंपनीने सहा महिन्यांच्या खाली कधी जाऊ नये. देशी ग्राहक वाढवाल तेव्हा येणं थकेल, ते धरून चाला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आजच करा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असला तरी ४५ दिवसांच्या आत भागवावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. हे व्याज वसूल करायची वेळ सहसा येत नाही, पण बिलाच्या खाली कलमाचा उल्लेख छापला की मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाचा सूर बदलतो.

आता प्रॉडक्ट. याबाबतीत कॅलिफोर्नियापेक्षा आपल्या पुण्याचं उदाहरण जवळचं आहे. कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले, कॅलक्युलेटर दुरुस्तीतून संगणक दुरुस्तीत आलेले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी संगणकाचं शिक्षण घ्यायला लावलं. नव्वदच्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस असायचेच, आणि ते काढायला संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून अँटिव्हायरस आकाराला आला. तोच पुढचा क्विक हील. दुरुस्तीचा गल्ला चालू होता, त्यावर प्रॉडक्ट पोसलं गेलं. सिकोया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी रुपये आले ते २०१० मध्ये, आणि कंपनी शेअर बाजारात आली २०१६ मध्ये. गुंतवणूकदार आला तेव्हा सॉफ्टवेअर दीड दशक विकलं जात होतं.

झोहोची वाट वेगळी, पण धडा तोच. श्रीधर वेंबू आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट काढली, ती दूरसंचार यंत्रं बनवणाऱ्यांना नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर विकायची. २००० नंतर तो बाजार कोसळला आणि ग्राहकच नाहीसे होऊ लागले. बाहेरच्या कुणाचे पैसे घेतलेले नसल्यामुळे लवकर वाढ दाखवा म्हणून मागे लागणारं कुणी नव्हतं. आहेत त्याच इंजिनिअरांकडून नवी प्रॉडक्ट बनवून घेतली गेली, आणि त्यातून मॅनेजइंजिन आणि मग झोहो आलं.

क्विक हीलमध्ये तीन गोष्टी ठळक दिसतात. जुनं काम चालू होतं. नवं प्रॉडक्ट जुन्या कामात रोज दिसणाऱ्या दुखण्यातून निघालं होतं. आणि ते विकत घेणारा माणूस आधीपासून ओळखीचा होता. तुमच्या बेतात पहिली गोष्ट आहे. दुसरी आणि तिसरी आहे का, हे मला तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. तुमचं रोजचं काम जर्मनीतल्या यंत्रांसाठी आहे आणि प्रॉडक्ट सातपूरच्या प्रेस शॉपसाठी. त्या शॉपमधला सुपरवायझर चलन कुठल्या वहीत लिहितो, माल पाठवला एक हजार नग आणि परत आला नऊशे ऐंशी तर वीस नगांचा वाद कोण मिटवतो, स्क्रॅप कुणाच्या नावावर पडतं, हे तुम्हाला त्याच्या तोंडून कळलं पाहिजे. जीएसटीत जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरतात आणि कर व व्याज लागतं. ही भीती खरी आहे आणि मालक त्यासाठी पैसे मोजेल. पण ती भीती मालकाची की त्याच्या सीएची, हेही बघा. सीएची असेल तर तुमचा ग्राहक सीए आहे, आणि एका सीएमागे चाळीस कारखाने येऊ शकतात. मला स्वतःला ही वाट जास्त आशेची वाटते.

म्हणून कोड लिहायच्या आधी पाच कारखान्यांकडून आगाऊ रक्कम घ्या. थोडीच घ्या, पण घ्या. 'छान आहे, झालं की दाखवा' याला बाजारात काही किंमत नाही. चेक फाडताना मालक जे प्रश्न विचारतो त्यांतून प्रॉडक्टची खरी यादी बनते. या पाच जणांसाठी तुमच्या चांगल्या इंजिनिअरांपैकी एकाचा पूर्ण वेळ द्या, तिघांचा थोडा थोडा नको. वेफरच्या नियमाबाहेर काढायचे तास म्हणजे हेच, एका माणसाचे. सेवेचा ग्राहक रोज फोन करतो, प्रॉडक्टचा अजून जन्मलेला नसतो, म्हणून वाटून दिलेला वेळ नेहमी सेवाच खाऊन टाकते.

आता गुंतवणूकदाराबद्दल. एनव्हिडियाची गोष्ट यासाठी नीट वाचावी. १९९३ मध्ये जेन्सन हुआंग आणि दोन साथीदारांनी ही ग्राफिक्स चिप बनवणारी कंपनी काढली. पहिल्या चिपने चित्रं काढायची वेगळीच पद्धत धरली होती, आणि मायक्रोसॉफ्टने त्रिकोणांची पद्धत प्रमाण मानल्यावर ती वाट बंद झाली. त्याच वेळी सेगाच्या गेम यंत्रासाठी त्याच जुन्या पद्धतीच्या चिपचं काम हातात होतं. हुआंगने सेगाचे वरिष्ठ अधिकारी शोइचिरो इरिमाजिरी यांना जाऊन सांगितलं, की आमची पद्धत चुकली, तुम्ही दुसरा पुरवठादार शोधा, पण ठरलेले पैसे आम्हाला द्या, नाहीतर आम्ही बुडतो. त्यांनी ५० लाख डॉलर दिले. त्यावर निम्म्याहून जास्त माणसं कमी करून कंपनी काही महिने तगली आणि १९९७ मध्ये रिवा १२८ ही चिप आली, ती चालली.

हुआंगने हे २०२३ मध्ये तैवानच्या विद्यापीठात सांगितलं तेव्हा भर नम्रतेवर दिला होता, आणि तो योग्यच आहे. मला त्यात आणखी एक दिसतं. अडचणीच्या वेळी जो पैसा कामाला आला तो ग्राहकाचा होता. ज्या ग्राहकाशी तुम्ही आधीपासून सरळ वागला आहात तो अशा वेळी गुंतवणूकदारापेक्षा लवकर समजून घेतो. तुमच्या टप्प्यावर, पाच चेक हातात नसताना, गुंतवणूकदाराकडे गेलात तर दोन गोष्टी होतील. कंपनीचा मोठा हिस्सा कमी किमतीत जाईल. आणि सेवा बंद करा, सगळं प्रॉडक्टवर लावा, असा आग्रह होईल, कारण त्याचे दहा ठिकाणी पैसे आहेत आणि एक फळलं तरी त्याचं भागतं. तुमचं ठिकाण एकच आहे. पन्नासेक कारखाने पैसे देऊन वापरू लागले, दुसऱ्या वर्षी त्यांतले बहुतेक टिकले, आणि तुम्हाला नाशिकबाहेर चाकण, छत्रपती संभाजीनगरला जायला विक्रेते नेमायचे आहेत, तेव्हा बाहेरचा पैसा घ्या. तेव्हा तो काय करणार हे तुम्हाला माहीत असेल.

ॲमेझॉनच्या जेफ बेझोसने भागधारकांना लिहिलेल्या २०१५ च्या पत्रात परत फिरता येणारे आणि न येणारे असे निर्णयांचे दोन प्रकार केले होते. तुमच्या वादात ते लगेच लावता येतं. एका इंजिनिअरला सहा महिने प्रॉडक्टवर ठेवणं हा परत फिरता येणारा निर्णय आहे, त्यावर एका बैठकीपेक्षा जास्त वेळ घालवू नका. जर्मन ग्राहकाला नोटीस देणं आणि कंपनीचा हिस्सा विकणं हे परत न फिरणारे. त्यांना दोघांची सही लागेल असं भागीदारीच्या कागदात आत्ताच लिहून ठेवा.

जर्मन ग्राहकाला प्रॉडक्टबद्दल सांगावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. सांगावं, आणि त्याला ते दुसरीकडून कळायच्या आधी सांगावं. पण सांगण्यापूर्वी त्याच्याशी केलेला करार काढून वकिलाकडून वाचून घ्या, विशेषतः कराराच्या काळात तुमच्या माणसांनी लिहिलेल्या कोडची मालकी कुणाची आणि तुम्ही कुठल्या क्षेत्रात स्वतंत्र काम करू शकत नाही ही दोन कलमं. काही करारांत मालकीचं कलम इतकं रुंद लिहिलेलं असतं, की त्याच इंजिनिअरने त्याच लॅपटॉपवर केलेलं दुसरं कामही त्यात ओढलं जाऊ शकतं. तसं असेल तर दुरुस्तीपत्र सही होऊन येईपर्यंत प्रॉडक्टसाठी वेगळा माणूस, वेगळं यंत्र आणि वेगळं कोडचं खातं ठेवा.